त्या दिवसाचा डोळा

बसस्थानकातल्या चौकशीच्या खिडकीतल्या बाईनं मान वर केली आणि काचेबाहेर उभ्या असलेल्या तिला वाटलं, आपण भलत्याच वेळी आलो. ही बाई रडून उठली आहे. आवाज कोरडा होता, ठणठणीत होता, "कुठं जायचंय? पटकन बोला, मागं रांग आहे," असं तो म्हणत होता, पापण्याही भिजलेल्या नव्हत्या. पण डोळ्यातला पांढरा भाग गुलाबी झाला होता आणि नाकाकडच्या कोपऱ्यातून लाल रेघा फुटून बुबुळापर्यंत आल्या होत्या, उशीत तोंड खुपसून पोटभर रडल्यावर येतात तशा. तिनं हातातली फाईल छातीशी घट्ट धरली. परक्या बाईचं रडणं असं काचेतून न्याहाळत उभं राहणं बरं नव्हे म्हणून तिनं नजर काढून घेतली, आणि काढता काढता तिच्या लक्षात आलं की रडलाय तो एकच डोळा. डावा. उजवा धुऊन पालथ्या घातलेल्या कपासारखा पांढराशुभ्र होता. आणि डावा तर तिनं स्वतः केला होता.

"अगंबाई, मॅडम!" खिडकीतली बाई हसली. हसल्यावर ते आणखीच विचित्र दिसलं, कुणी मनाविरुद्ध हसवावं तसं. "ओळखलंच नाही बघा. तुम्हाला मी कायम नाकाजवळून बघितलेलं. लांबून तुम्ही वेगळ्याच दिसता." मागचा माणूस घड्याळ दाखवत काहीतरी पुटपुटला, तशी बाईनं काचेवर टकटक केलं. "थांबा हो जरा. बस काय तुम्हाला सोडून पळतेय? अजून ड्रायव्हरचा चहा व्हायचाय. मॅडम, बाजूच्या दारानं आत या."

आत एक स्टूल, पंखा, भिंतीवर वेळापत्रकाचा तक्ता आणि खिळ्याला अडकवलेली डब्याची पिशवी. ती स्टुलावर टेकली आणि फाईल मांडीवर ठेवली. ती आली होती एका सहीसाठी. फाईलीतल्या पहिल्या पानावर या बाईचा फोटो होता, दोन्ही डोळे सरळ कॅमेऱ्याकडे, आणि फोटोखाली 'रुग्णाची संमती' अशी ओळ कोरी होती. बाकी सगळ्यांच्या सह्या मिळाल्या होत्या. हिचा फोन लागत नव्हता. मुलाखत आज दुपारी होती. सही घ्यायची, परत जायचं, आणि समितीसमोर हा फोटो सगळ्यांत वर ठेवायचा, एवढंच सकाळी घरून निघताना डोक्यात होतं. कारण हा फोटो बघून आजवर एकालाही सांगता आलं नव्हतं की यातला खोटा डोळा कुठला.

ती डोळे करते, हे कुणाला सांगितलं की माणसं आधी हसत आणि मग नकळत स्वतःच्या पापणीला बोट लावत. मोठ्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला त्यांचा विभाग. एका खोलीत साचे, भट्टी आणि घासण्याची चाकं, आणि दुसऱ्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीखाली, रंगाचं टेबल. त्या खिडकीतून दिवसभर सारखाच उजेड येतो, ना पिवळा ना निळा. त्या उजेडात समोर माणूस बसवायचा, त्याचा जिता डोळा वीतभर अंतरावरून बघायचा आणि टिकलीएवढ्या चकतीवर तो उतरवायचा. तपकिरी म्हणून जगात काही नसतं, असं तिला तिथं कळलं होतं. असतं ते गंज, मध, ओली माती, जळकी साय. आजवर टेबल दोघांत चालायचं. आता नवा कारभार आला होता: टेबलावर एकच ज्येष्ठ माणूस, आणि दुसऱ्यानं कायमचं साच्यांच्या खोलीत जायचं. साच्यांच्या खोलीला खिडकी नव्हती. ते कमी प्रतीचं काम होतं असं नाही, पण तिथं माणूस समोर बसत नाही. तिथं फक्त डोळ्याच्या पोकळीचा आकार येतो, चिठ्ठी लावून. गेले कित्येक दिवस लेकीला, ठकीला भरवताना, कपडे वाळत घालताना, तिला मधूनच ती खोली आठवायची आणि हातातला घास हातातच राहायचा.

ज्येष्ठ कोण हे फाईलीवरून ठरणार होतं. विभागाचे मोठे सर म्हणाले होते, "केलेलं दिसलं पाहिजे. कागदावर दिसलं पाहिजे." आणि तिला तेव्हा प्रथम कळलं की आपल्याकडे दाखवायला काही म्हणजे काही नाही. नणंद तर थक्कच झाली. ती एका कचेरीत होती आणि दर वर्षी तिची बढती व्हायची. "वहिनी, इतकी वर्षं करत काय होतात तुम्ही? अहो, मी बालवाडीत पळण्याच्या शर्यतीत तिसरी आले, तेसुद्धा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलंय." त्यावर नवरा म्हणाला, "हिच्या लग्नाचा फोटोपण त्याच फाईलीत आहे. 'सांघिक कार्य' या सदराखाली." सगळे हसले, तीही हसली, पण हसण्याच्या तळाशी काहीतरी टोचत राहिलं. करत काय होतात तुम्ही? सकाळी पोळ्या, ठकीचं दप्तर, ठकीचं नाक, मग दिवसभर लोकांचे डोळे, संध्याकाळी पुन्हा ठकी. ठकीचं पहिलं पाऊलसुद्धा पाळणाघरातल्या मावशीनं पाहिलं होतं. "आज चालली हो बया," मावशी म्हणाली होती, आणि तिनं घरी येऊन ठकीला भिंतीशी उभं करून पुन्हा पुन्हा हात पसरले होते, 'ये, ये ना, मलापण दाखव', तर ठकी मटकन बसली आणि हसायला लागली. तेवढ्यात नणंदेनं तारीख लिहूनही घेतली होती.

मास्तरांनी तिला काम शिकवलं, पण ठेवायला शिकवलं नव्हतं. मास्तर आता नव्हते. फोटो काढू नयेत असा त्यांचा काही नियम नव्हता. त्यांना ते सुचलंच नसावं. त्यांची रीत एकच. डोळा बसवला की पेशंटला खुर्चीत तसंच ठेवायचं, दार उघडायचं आणि बाहेरून जो कोणी पहिला जाईल, मग ती झाडूवाली असो, वॉर्डबॉय असो, कुणाचा डबा घेऊन आलेला भाऊ असो, त्याला आत बोलावून विचारायचं, "कोणता?" तो गोंधळला, किंवा चुकीच्या डोळ्याकडे बोट केलं, की झालं. मास्तर हात धुवायला जायचे. "आपलं काम दिसलं, की बिघडलं समज," म्हणायचे. तीच पावती, तीही हवेत विरून जाणारी. फाईल लागणार म्हटल्यावर तिला वाचवलं ते फ्लॅशनं. फ्लॅश म्हणजे टेबलावरचा दुसरा. तिच्यापेक्षा लहान, हाताचा तयार, आणि जे दिसेल त्याचा फोटो काढण्याची खोड, म्हणून सगळे त्याला फ्लॅश म्हणत. "ताई, तुमचेपण काढून ठेवलेत मी, बसवल्या बसवल्या," तो म्हणाला आणि तिच्या फोनवर एकेक फोटो येऊन पडत गेला. ज्याच्याशी चुरस त्यानंच पान वाढून द्यावं तसं तिला झालं. "तुझंच नुकसान आहे यात, कळतंय का?" तिनं विचारलं होतं. तो खांदे उडवून म्हणाला होता, "फोटो चांगला आलाय हो. टाकून कसा द्यायचा?"

"सहीच ना? आणा इकडं." खिडकीतल्या बाईनं पेन काढलं, दिवसभर पावत्यांवर करतात तशी न वाचता सही ठोकली, आणि मग फोटो पाहिला. पाहत राहिली. बाहेर रांगेत कुणीतरी खोकलं. "फोटोत मात्र दोन्ही अगदी सारखे आहेत, नाही?" ती म्हणाली.

झालं, सही झाली होती. उठून जाता आलं असतं. पेनाची शाई अजून ओली होती म्हणून ती फाईल उघडी धरून बसली, आणि शाई वाळण्याची वाट बघताना तिनं मनाशी ठरवलं की विचारायचं नाही. मग विचारलंच. "कधीपासून असा दिसतोय?"

"कधीपासून काय! पहिल्याच दिवसापासून. म्हणजे तुमच्याकडून घरी गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. उजवा निवळला, हा राहिला." बाई खिडकीबाहेर वाकून कुणाला तरी तीन नंबरचा फलाट दाखवून आली. "तसं ठीक आहे हो. सवय झाली. लोक काचेशी येतात ते भांडायच्या तयारीनं, आणि माझा डोळा बघितला की आवाज खाली. 'असू दे ताई, पुढच्या बसनं जातो.' कुणी कुणी तर चॉकलेट ठेवून जातं. आमचे साहेब रजा कधी नाकारत नाहीत. काय झालं विचारायचीपण भीती वाटते त्यांना. बाकीच्या बायका म्हणतात, तुझं बरंय बाई, तू डोळ्यावरच खातेस."

ती हसली नाही. तिला तो दिवस हळूहळू दिसायला लागला होता, आधी नुसता उजेड, मग खुर्ची, मग खुर्चीत ही बाई, डाव्या बाजूला पट्टी. शेवटची बैठक होती. बुबुळ आधीच जमलं होतं, राहिल्या होत्या फक्त शिरा. शिरा रंगवायच्या नसतात. भरतकामाच्या लाल धाग्याचा एकेक तंतू सोडवून चिमट्यानं पांढऱ्यावर ठेवायचा, जित्या डोळ्यात जसा वाहतो तसा, आणि वरून पारदर्शक थर चढवायचा. त्या दिवशी हिच्या उजव्या डोळ्यात शिराच शिरा होत्या. तिला आठवलं की आपल्याला तेव्हा आनंद झाला होता. काय नक्षी आहे, असं वाटलं होतं. असा डोळा कधी कधीच समोर येतो. दुपारभर तंतू सोडवत, वीतभर अंतरावरून, श्वासाला श्वास लागेल इतक्या जवळून तिनं ते रडणं एकेक रेघ मोजून उतरवून घेतलं होतं. आणि ते रडणं आहे हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. कसं येणार? ठकी तेव्हा अंगावर पीत होती. ती कामावर नुकतीच परतली होती. सकाळी आरशात तिचे स्वतःचे डोळे असेच असत, नवऱ्याचे तसेच, सासूबाईंचे तसेच. घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांचा रंगच तो होता त्या दिवसांत. लाल म्हणजे डोळा, असंच तिनं धरलं असणार. मग दार उघडून विचारलं, "कोणता?" झाडूवालीनं नीट निरखून उजव्याकडे बोट केलं. फ्लॅशनं फोटो काढला. ती हात धुवायला गेली.

फोटो खोटा नव्हता. हीच तर गोची होती. फोटो अगदी खरा होता, त्या क्षणापुरता. आणि तिची फाईलभर जी पानं होती, ती सगळी अशीच, बसवल्या बसवल्या काढलेली. पुढे त्यातल्या एकाही डोळ्याचं काय झालं हे तिनं पाहिलं नव्हतं. पान उलटताना बोट कापावं तसं तिला एकदम झालं. म्हाताऱ्या शिंप्याचा डोळा. चेंडू लागलेल्या मुलीचा. तो गवंडी, जो बैठकीला कधी उन्हातून तांबारलेल्या डोळ्यांनी यायचा आणि कधी सावलीतून. कुणाचा कुठला दिवस आपण त्यांच्या तोंडावर कायमचा बसवून दिला असेल? तिनं फाईल मिटली. पंखा फिरत होता.

"त्या दिवशी..." तिनं सुरुवात केली, "तुम्ही रडून आला होतात?"

"मग काय!" बाई इतकी सहज म्हणाली की जणू हे दोघींनाही आधीपासून माहीतच होतं. "मला वाटलं तुम्हाला दिसतंय. एवढं बघत होतात ना तुम्ही! मनात म्हटलं, विचारतील. पण तुम्ही म्हणायच्या, वर बघा, खाली बघा, दाराकडं बघा." तिनं वेळापत्रकाच्या तक्त्यावरची धूळ बोटानं पुसली. "पट्टी लावून फिरत होते ना तेव्हा. लेक लहान. जवळ यायची नाही. त्या सकाळी मी तिला उचलायला गेले तर मला ढकललं तिनं. म्हणाली, 'तू नको, आई पाहिजे.' म्हटलं, अगं मीच आई. तर दाराच्या मागं जाऊन बसली. तशीच सोडून आले तुमच्याकडं. वाटेत बसमध्ये रडले, तुमच्या जिन्यात रडले. मग डोळा घालून घरी गेले. लेक आली, लांबून बघितलं, जवळ आली. आणि म्हणाली, 'आई, रडू नको.' फ्रॉक वर करून डोळा पुसला माझा. हा." तिनं डाव्या डोळ्याखाली बोट टेकलं. "तेव्हा ओळखलं तिनं मला. या रडक्या डोळ्यानंच."

बाहेर कुणीतरी काचेवर नाणं वाजवत होतं. बाईनं तिकडे बघितलंही नाही.

"तेव्हापासून रोज पुसते. शाळेत जाताना. आधी मला बरं वाटायचं हो, खोटं कशाला बोलू? पण परवा तिच्या बाईंनी बोलावून घेतलं. वर्गात सांगितलंय तिनं, 'मी शाळेत आले की माझी आई घरी एकटी रडत बसते.' डब्यातलं खात नाही. सारखं घरी सोडा म्हणते." आता बाईचा आवाज पहिल्यांदा हलला, पण उजवा डोळा पांढराच राहिला, जबडा आवळून ती तो पांढरा ठेवत होती. "मॅडम, हे बदलता येतं का? फोन करणार होते, पण म्हटलं तुम्ही एवढा छान केलेला, नावं कशी ठेवायची?"

येतं. वरचा थर घासून काढायचा, जुने तंतू काढायचे, नवे घालायचे, पुन्हा थर, पुन्हा उकळायचं, पुन्हा झिलई. दिवस जातो. पुढच्या आठवड्यात या, असं सांगता आलं असतं. पुढच्या आठवड्यात म्हणजे मुलाखत झाल्यावर. हा फोटो समितीनं पाहिल्यावर, चकित झाल्यावर. आणि मुलाखतीनंतर ती कदाचित खिडकी नसलेल्या खोलीत असली, तर हा डोळा फ्लॅश करेल. तोही नीटच करेल. तिनं तोंड उघडलं ते हेच सांगायला. पण पुढच्या आठवड्यापर्यंत ते फ्रॉकचं टोक रोज सकाळी वर होणार होतं. "आज सुटता येईल का तुम्हाला?" ती म्हणाली.

"न यायला काय झालं? साहेबांना नुसता डोळा दाखवते," बाई म्हणाली आणि पिशवी खिळ्यावरून काढली.

उत्तरेच्या खिडकीत उजेड होता तसाच होता, ना पिवळा ना निळा. बाई खुर्चीत बसली, पट्टी लावून, आणि डोळा तिच्या हातात आला, कोमट, शिंपल्याएवढा, आतून पोकळ. तिनं तो टेबलाजवळच्या छोट्या घासायच्या चाकावर धरला. आजवर केलेल्यांतलं हे सर्वांत अवघड काम होतं आणि ते आता पांढऱ्या पिठासारखं तिच्या बोटांवर उडत होतं. फाईलीतला फोटो ज्याचा होता ती वस्तू अर्ध्या तासात जगात उरणार नव्हती. फ्लॅश दारात येऊन उभा राहिला. "ताई, हा तर तो... अहो, हा तर तुमचा एक नंबरचा! आज? आत्ता?" मग त्यानं बाईच्या उजव्या डोळ्याकडे पाहिलं, चाकावरच्या लाल तंतूंकडे पाहिलं, आणि तोही डोळ्यांवर जगणारा माणूस, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. साच्यांच्या खोलीत जाऊन त्यानं पातेल्यात पाणी चढवलं.

"आजचा दिवस कसा आहे तुमचा?" तिनं चिमटा हातात घेऊन विचारलं. आजवर हे तिनं कुणालाच विचारलं नव्हतं, आणि विचारताना तिला उगीचच लाजल्यासारखं झालं.

"आजचा? साधाच की. सकाळी पाणी गेलं, दूध उतू गेलं. साधा."

"झोप झाली?"

"झाली. का हो?"

"मला साधाच हवाय," ती म्हणाली. "हसा हवं तर. पण त्या लेकीचं काही बोलू नका आत्ता. तुमच्या साहेबांचं बोला." मग बाई साहेबांचं बोलत राहिली, त्यांच्या केसांच्या टोपाचं, जो पंख्याखाली उडतो, आणि ती तंतू ठेवत गेली. फार थोडे. कोपऱ्यात दोन, खाली एक, एक अर्धवट. न ठेवण्याला जास्त वेळ लागत होता. प्रत्येक तंतू उचलल्यावर हात थांबायचा: ही शीर हिची, की आजच्या दुधाची? बाहेर शिपाई येऊन गेला. "समिती बसली हो. तुमचं नाव पहिलं." तिनं मान न वळवता हूं केलं. तो पुन्हा आला. तोवर पांढऱ्यावर थर चढला होता, पितळी साचा शिकंज्यात आवळून पातेल्यात सोडला होता, आणि फ्लॅश स्टूल ओढून पातेल्यापाशी बसला होता. "जा तुम्ही. मी बघतो. माझं नाव नंतर आहे, तेव्हा तुम्ही बघा," तो म्हणाला. ती हात न धुताच निघाली. पॅसेजमध्ये तिला जाणवलं की बोटांवर पांढरी पूड तशीच आहे आणि फाईलीवर तिचे ठसे उमटताहेत.

समितीत तिघं होते. मध्ये पांढऱ्या भुवयांचे अध्यक्ष, एका बाजूला आस्थापनेच्या बाई, दुसऱ्या बाजूला त्यांचे मोठे सर. अध्यक्षांनी फाईल उघडली आणि पहिल्याच पानावर थबकले. चष्मा वर, चष्मा खाली. "यातला खोटा कुठला?"

"उजवा," आस्थापनेच्या बाई म्हणाल्या. "पैज लावा. उजवाच."

"माझ्या मते डावा... नाही, नाही. उजवाच असेल." अध्यक्ष लहान मुलासारखे खूश झाले होते. "कमाल आहे हो!" मोठे सर खुर्चीत सैलावले. "हेच आमच्या विभागाचं वैशिष्ट्य आहे, सर." खोलीतलं काहीतरी तिच्या बाजूला झुकलं, अगदी दिसेल असं झुकलं, आणि खिडकीखालचं टेबल तिला त्या क्षणी इतकं जवळ वाटलं की हात लांबवला तर कडेला लागेल. सही होती. फोटो होता. एवढ्यातच अध्यक्षांचं बोट पानावरून खाली सरकलं. "'पुढची पाहणी' हा रकाना सगळीकडंच कोरा दिसतोय. राहून गेला का? लिहून टाका ना, 'समाधानकारक'." त्यांनी स्वतःचं पेन तिच्यापुढे धरलं, टोपण काढून. "हा डोळा आता कसा आहे?"

"आत्ता?" ती म्हणाली. "आत्ता तो उकळतोय."

आस्थापनेच्या बाईंना हसू आलं, मग आलेलं गेलं. मोठे सर पुढे सरकले. तिनं सांगितलं, जसं घडलं तसं, आडवंतिडवं, धागे, रडणं, बसस्थानक. आपला आवाज तिला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येत होता. अध्यक्ष पुन्हा फोटो बघायला लागले आणि आता त्यांना तो वेगळा दिसायला लागला असावा, कारण त्यांनी तो जरा लांब धरला. "दोन्ही डोळे लालच आहेत की," ते स्वतःशी म्हणाले. "आपण फक्त सारखे आहेत का तेवढं बघितलं."

"का रडत होत्या त्या?" आस्थापनेच्या बाईंनी विचारलं.

"तेव्हा मी विचारलं नव्हतं. आज विचारलं."

"मग आता या पानाचं काय करायचं आम्ही? काढून टाकायचं?"

"नको. राहू दे." तिनं पेन घेतलं, वाकली, आणि कोऱ्या रकान्यात लिहिलं: दुरुस्ती चालू. मग पान उलटलं. शिंपी. पाहिलेलं नाही. मुलगी. पाहिलेलं नाही. गवंडी. पाहिलेलं नाही. तिघंही बघत होते. कुणी थांबवलं नाही. कागदावर पेनाचा आवाज येत राहिला आणि बोटांची पूड पानापानावर सांडत गेली. शेवटचं पान झाल्यावर तिनं टोपण लावून पेन परत ठेवलं.

मोठे सर तिच्यामागून पॅसेजमध्ये आले. "एक शब्द लिहायचा होता हो. एकच शब्द. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा घातलात." ते रागावले नव्हते, दमले होते. "साच्यांच्या खोलीत दिवा बदलायला सांगतो मी. तिथला फार मिचमिचा आहे," ते म्हणाले आणि परत आत गेले.

फ्लॅश पातेल्यापाशीच होता. मांडीवर त्याची फाईल, विटेसारखी जाड. "विचारतात का? त्या रकान्याचं?" तिनं होकारार्थी मान हलवली. त्यानं फाईल उघडली. प्रत्येक पानावर, एकाच शाईनं, एकाच बैठकीत लिहिलेलं 'समाधानकारक' होतं. तो ते बघत बसला. शिपायानं त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "ताई, साचा गार झाल्याशिवाय उघडू नका हां," जे तिनंच त्याला शिकवलं होतं.

ती पातेल्यापाशी बसली. पाण्याचा आवाज हळूहळू बसला. साच्यांच्या त्या खोलीला खिडकी नव्हती, साचा हाताला सोसेल इतका निवेपर्यंत तिनं भिंतीकडे पाहिलं, आणि मग तो सोडवला, झिलईच्या चाकावर धरला, आणि पलीकडच्या खोलीत नेऊन बाईच्या पापणीखाली अलगद सरकवला. उजेड उतरायला लागला होता. बाईनं दोनदा पापण्या मिटल्या. दोन्ही डोळे एका साध्या दिवसाचे होते; थकलेले नाहीत, चकाकणारेही नाहीत. फ्लॅश मुलाखतीहून परत आला होता, त्याचं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही; सवयीनं त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला. "काढू?"

"आज नको," ती म्हणाली. "त्यांना महिनाभरानं येऊ दे. तेव्हा मी साच्यांत असले तरी मला हाक मार." आणि "कोणता?" विचारायला पॅसेजचं दार उघडायला ती गेलीच नाही.

बाईनं हातातला आरसा वर केला, खाली केला, खिडकीकडे वळून पुन्हा वर केला. बराच वेळ. चेहऱ्यावर कुणी काही लिहिलेलं पुसून गेलंय, आणि ते काय होतं हे आता आठवावं लागणार, तशी ती बघत होती. डाव्या डोळ्याखाली तिनं बोट टेकलं, सवयीच्या जागी.

"छान झालाय," ती म्हणाली. मग आरसा मांडीवर पालथा ठेवला. "पण आता उद्या सकाळी लेक पुसणार काय?"